आक्रमणाची खतावणी

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत आपल्या वृत्तपत्रांत ज्या रीतीने छापला जातो तिच्याकडे किंचित बारकाईने पाहिले, तर असे आढळून येईल की अकरा जणांनी नव्वद मिनिटे केलेल्या परिश्रमांपैकी आपण मुख्यतः दोनच गोष्टी दफ्तरी दाखल करतो : गोल कोणी केला आणि तो कितव्या मिनिटाला झाला. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू कोणी काढून घेतला, तो कोणी पुढे नेला, बचावफळीला एका बाजूस ओढून दुसरी बाजू कोणी मोकळी करून दिली, याची नोंद कोठेही नसते. आणि ज्या कामाची नोंद नाही त्याला निवडीच्या, बक्षिसाच्या किंवा खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीच्या वेळी मोलही उरत नाही. म्हणून संघाच्या आक्रमणाचे मूल्यमापन फळीनिहाय, म्हणजे आघाडी, मध्य आणि बचाव या तिन्ही फळ्यांचा वाटा पृथक् करून व्हावे, आणि त्यासाठी संख्याशास्त्राने निर्माण केलेली नवी साधने उज्जैनच्या नानाखेड्यासारख्या जिल्ह्याच्या मैदानांपर्यंत पोचावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या दृष्टीचे परिपक्व रूप पाहायचे तर अमेरिकेच्या फुटबॉलकडे वळावे लागते. तो खेळ आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी निराळा. चेंडू बहुतांशी हातात घेऊन यार्डायार्डाने पुढे सरकायचे, आणि धावणाऱ्या गड्यासाठी वाट मोकळी करून देण्याचे काम पाच धिप्पाड खेळाडूंच्या रांगेने करायचे, असा त्याचा बाज. वर्षानुवर्षे यार्ड जमा होत ते धावणाऱ्याच्या नावावर, आणि ज्यांनी वाट करून दिली त्या पाचांच्या नावावर एकही आकडा नसे. 2003 मध्ये आरोन शॅट्झ यांनी सुरू केलेल्या ‘फुटबॉल आउटसायडर्स’ या अभ्यासगटाने या अन्यायावर एक उपाय योजला. धावणारा मागे रेटला जाऊन यार्ड गमावले गेले तर त्या तोट्याचा 120 टक्के भार रांगेवर टाकावा. पहिल्या चार यार्डांचे पूर्ण श्रेय तिला द्यावे. पाच ते दहा यार्डांपर्यंतचे निम्मे द्यावे. आणि त्यापुढील यार्डांचे मुळीच देऊ नये, कारण तेथपर्यंत पोचलेला गडी स्वतःच्या वेगाने आणि चापल्यानेच पुढे जात असतो. एकाच धावेचे श्रेय दोन गटांत असे वाटून दिल्यावर, कोणत्या संघाची रांग बलवान आणि कोणत्या संघाचा धावणारा बलवान, हा प्रश्न प्रथमच उत्तर देण्याजोगा झाला.

त्याच अभ्यासगटाने दुसरेही एक तत्त्व प्रतिष्ठित केले. तीन यार्डांची मजल ही कमाई की अपयश, याचा निवाडा केवळ तीन या आकड्यावरून होत नाही. दोन यार्डांची गरज असताना ती पुरेशी असते आणि दहांची गरज असताना व्यर्थ. म्हणून प्रत्येक चालीची तुलना तशाच परिस्थितीत इतर संघांनी सरासरीने काय साधले त्याच्याशी करावी, आणि समोरचा प्रतिस्पर्धी किती बलवान होता याची वजावट किंवा भर त्यात धरावी. ही न्यायबुद्धी ज्या तुलनेत नाही ती तुलना कितीही दशांशांपर्यंत मांडली तरी तिला शास्त्र म्हणता येणार नाही.

आपल्या फुटबॉलमध्ये या विचाराचा प्रवेश ‘अपेक्षित गोल’ या मापाने झाला. पूर्वीच्या हजारो फटक्यांचा अभ्यास करून, अमुक अंतरावरून, अमुक कोनातून, पायाने की डोक्याने मारलेल्या चेंडूचा गोल होण्याची शक्यता किती, हे ठरवले जाते. पेनल्टीचे मोल साधारणतः पाऊण गोल भरते, तर पेनल्टी क्षेत्राच्या पुष्कळ बाहेरून मारलेल्या फटक्याचे शंभरांत तीन-चार. याच्या पुढची पायरी अशी की, ज्या चालीतून संधी निर्माण झाली त्या चालीत ज्याच्या ज्याच्या पायाला चेंडू लागला त्या प्रत्येकाच्या खात्यावर त्या संधीचे मोल मांडायचे. सामन्याचा धावता तपशील ही रोजकीर्द मानली तर ही तिची खतावणी होय; आणि खतावणीवाचून कोणत्या खात्यात काय आले व काय गेले हे पेढीच्या धन्यालाही सांगता येत नाही.

या खतावणीचे महत्त्व पटण्यासाठी गोव्याचे उदाहरण पुरेसे आहे. इंडियन सुपर लीगच्या 2019-20 च्या मोसमात एफसी गोवा संघाने साखळीतील 18 सामन्यांत 46 गोल केले, प्रथम स्थान मिळवले, आणि पुढे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान संपादन केला. त्या संघाचा विषय निघाला की लोकांच्या ओठी प्रथम नाव येते आघाडीचा स्पॅनिश खेळाडू फेरान कोरोमिनास याचे, आणि ते यथार्थही आहे. त्याने 14 गोल केले होते. परंतु उरलेले 32 गोल त्याच्याखेरीज आले, आणि मध्यफळीतल्या ह्यूगो बूमूसने 11 गोल स्वतः करून 10 गोलांसाठी अखेरचा पास दिला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या आक्रमणाचा गुरुत्वमध्य कोठे होता याची कल्पना येते. तरीही एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू हस्तगत करणारा आणि त्याला पहिली दिशा देणारा अहमद जाहू, किंवा डाव्या अंगाने चाल विणणारा गोव्याचाच ब्रँडन फर्नांडिस, यांचे कार्य गोलांच्या फेरिस्तीत शोधू गेल्यास फारसे सापडणार नाही. ते सापडते चालीच्या साखळीत. दोन संघांचे गोल सारखे असले तरी एकाचे आक्रमण एका माणसाच्या पायावर उभे असते आणि दुसऱ्याचे तीन फळ्यांच्या सहकार्यावर; पहिला संघ त्या एका माणसाच्या दुखापतीबरोबर कोसळतो, दुसरा तग धरतो. हा भेद बेरजेत दिसत नाही, विभागणीत दिसतो.

कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींनी फुटबॉलला जो जिव्हाळा दिला त्याला मराठी मुलखात तोड नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळे शाहू स्टेडियमवर उतरली की गावचे गाव तेथे लोटते. तेथला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला, याचा अभिमान सर्व मराठी माणसांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच पेठांतून वाढणाऱ्या एखाद्या मध्यरक्षकाने गोलाच्या आधीचा आणि त्याच्याही आधीचा पास दहा सामन्यांत दिला असेल, तर ते निवड समितीपुढे मांडण्यासाठी त्याच्याजवळ कागदाचा कोणता कपटा आहे? प्रेक्षकांची स्मृती उदार असली तरी ती गोल तेवढा साठवते; न्याय व्हायचा तर लेख हवा.

आकड्यांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी एक धोकाही ओळखून असावे. इंग्लंडच्या हवाई दलात हिशेबाचे काम केलेले चार्ल्स रीप यांनी 18 मार्च 1950 रोजी स्विंडनच्या एका सामन्यात चालींची नोंद करण्यास प्रारंभ केला आणि पुढे अनेक वर्षे ती अविश्रांत चालू ठेवली. सुमारे ऐंशी टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात, असे त्यांना आढळले, आणि त्यावरून लांब चेंडू मारून थेट गोलाकडे जाण्याच्या पद्धतीला शास्त्राचा आधार मिळाल्याचा समज पसरला. परंतु सामन्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक चालीच मुळी तीन पासांच्या आत संपत होत्या. म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी असलेल्या, तिनाहून अधिक पासांच्या चाली वीस टक्के गोल देत होत्या. नोंद चोख होती, परंतु अंश पाहताना छेदाचे विस्मरण झाले, आणि निष्कर्ष उलटा निघाला. आपल्याकडे आघाडीपटूचे गोल मोजताना तो किती मिनिटे खेळला, त्याला किती संधी मिळाल्या आणि त्या कोणी दिल्या, हे न विचारणे हा त्याच जातीचा प्रमाद आहे.

हा उपदेश उज्जैनला परका वाटण्याचे कारण नाही. प्राचीन भारतीय ज्योतिषाने मध्यरेषा मानली ती या नगरीतून जाणारी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहांनी येथे वेधशाळा उभारली. आणि कालौघात जीर्ण झालेल्या त्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत 1923 मध्ये झाला, तेव्हा तिचे पहिले अधीक्षक झाले ते गोविंद सदाशिव आपटे हे मराठी विद्वान. त्या काळी पंचांगशोधनाचा जो वाद महाराष्ट्रात गाजत होता त्यात सुधारकांचा आग्रह एकच होता : गणिताने आलेली ग्रहस्थिती आकाशात प्रत्यक्ष दिसली पाहिजे, न दिसल्यास दोष गणिताचा मानावा. खेळाच्या संख्याशास्त्रालाही हाच नियम लागू आहे. ज्याने मैदानाकाठी बसून वेध घेतले नाहीत त्याच्या कोष्टकाला किंमत नाही, आणि ज्याने वेध घेऊन ते लिहून ठेवले नाहीत त्याच्या अनुभवाला वारस नाही.

यासाठी महागडी यंत्रे लागतात हा समज निराधार आहे. नानाखेड्याच्या क्रीडांगणावर फुटबॉलची जिल्हा स्पर्धा भरेल तेव्हा गुणलेखकाच्या शेजारी महाविद्यालयातील दोन विद्यार्थी बसवावेत आणि प्रत्येक आक्रमणाची एक ओळ त्यांनी लिहावी : चेंडू कोणत्या फळीने मिळवला, पेनल्टी क्षेत्रात तो कोणी पोचवला, अखेरचा पास कोणाचा, फटका कोठून, परिणाम काय, आणि त्या घटकेला गोलफलक काय होता. प्रत्येक खेळाडूची मैदानावरील मिनिटे निराळी मांडावीत. स्पर्धा संपल्यावर या ओळींची फळीनिहाय बेरीज करून ती निवड समितीपुढे ठेवावी, आणि निवडलेल्या नावांच्या यादीबरोबर ती प्रसिद्धही करावी. चार-पाच सामन्यांचे आकडे अल्प असतात, त्यांच्यावरून कोणाचे भवितव्य ठरवू नये, हे खरेच. निवड अखेर जाणत्या डोळ्यांनीच व्हावी. परंतु त्या डोळ्यांपुढे पुरावा असावा, आणि ज्याला वगळले त्याला कारण विचारता यावे, एवढा अधिकार पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला देणे कोणत्याही क्रीडासंघटनेला अशक्य नाही. येत्या मोसमापासून ही तजवीज व्हावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. आणि वृत्तपत्रांनीही गोल करणाऱ्याच्या नावाखाली त्या गोलाची वाट तयार करणाऱ्यांची नावे छापण्याचा प्रघात आजच सुरू करावा.