बंबाची पुढची सीट



१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमांत आपण सगळ्याजणी असतो. त्याच दिवशी अग्निशमन सेवा दिनही असतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असते. १९४४ साली या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात. लहान गावांतसुद्धा नगरपरिषदेचा बंब धुऊन-पुसून रस्त्यावर आणून उभा करतात, शाळेची मुले येतात, गॅसचा सिलिंडर पेटला तर काय करायचे याचे प्रात्यक्षिक होते. या प्रात्यक्षिकाला बायकांना आवर्जून बोलावले जाते. सिलिंडर बायकांचा ना! बंब मात्र पुरुषांचा.

बंबाच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, दलाचा प्रमुख बसतो. आग कुठे आहे, पाणी कुठून घ्यायचे, आत कोणी जायचे आणि कोणी जायचे नाही, हे तो ठरवतो. त्या सीटवर बाई का दिसत नाही, हा या अंकाचा प्रश्न. 'आधी पाण्याचे, रेशनचे, मारहाणीचे प्रश्न सोडवा, मग बंबाचे बघू' असे काहीजणी म्हणतील. आमच्या मते हा प्रश्न त्या प्रश्नांच्या बाहेरचा नाही.

कोकणातल्या बाईला आग नवी नाही. चुलीचे तर सोडाच. पेरणीआधीची भाजावळ घ्या. कवळांचे भारे डोक्यावरून आणायचे, पातेरा गोळा करायचा, शेण-गवताचे थर घालायचे आणि वारा कुठून आहे ते बघून, कडेचे गवत आधी साफ करून दाढ भाजायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातून होत आले आहे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत रत्नागिरीच्या सड्यांवर वणवे लागतात. कधी विजेच्या तारांची ठिणगी पडते, कधी कोणी विडी टाकतो, कधी भाजावळच हाताबाहेर जाते. आंब्या-काजूची धरती कलमे तासाभरात जातात. तिथवर बंब पोचेल असा रस्ता बऱ्याचदा नसतो. पुरुष मुंबईला. मग गावात उरलेल्या बायका आणि म्हातारे ओल्या डहाळ्या घेऊन धावतात आणि झोडपून झोडपून आग विझवतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'ग्रामस्थांनी आग आटोक्यात आणली' असे छापून येते. ग्रामस्थ हा शब्द पुल्लिंगी आहे, एवढेच!

म्हणजे आग विझवणे बाईला जमते, हे सिद्ध करण्याची आता गरज नाही. तिच्याकडे नाही तो हुद्दा, पगार, गणवेश आणि हुकूम देण्याचा अधिकार.

लहान शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख नेमके काय करतो? आपल्या डोळ्यांसमोर शिडीवर चढलेला, मूर्च्छित माणसाला खांद्यावर घेतलेला जवान येतो. प्रमुखाला वेळ पडली तर तेही करावेच लागते, कारण लहान केंद्रात माणसे मोजकी असतात. पण त्याच्या कामाचा मोठा भाग आग लागण्याच्या आधीचा आहे. कुठल्या विहिरीवरून उन्हाळ्यात बंब भरता येतो, कुठल्या आळीत तो वळत नाही, कुठल्या गोदामात काय साठवले आहे, बंदरावर डिझेलच्या टाक्या कुठे आहेत, हे त्याला माहीत असावे लागते. होज पाइप वाळवून ठेवणे, पंप रोज चालवून पाहणे, माणसांची कवायत घेणे, बंबाच्या दुरुस्तीसाठी नगरपरिषदेत पैसे मागणे, हेही त्याचेच. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. या कायद्याने अग्निशमन अधिकाऱ्याला इमारतीत शिरून तपासणी करण्याचा, नोटीस देण्याचा आणि धोका गंभीर असेल तर जागा सील करण्याचा अधिकार दिला आहे. इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला सादर करायचा असतो. तो आला का, खरा आहे का, हे बघणे प्रमुखाच्या हातात. घर चालवणाऱ्या, बचत गट चालवणाऱ्या, रेशनच्या दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या कुठल्या बाईला हे काम परके वाटेल?

अशा तपासणीत कुणाचे प्राण गुंतलेले असतात ते पाहा. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात पिरंगुटजवळ उरवडे येथे एका रसायनाच्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार होरपळून गेले, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांचा कारखाना पेटला. तिथेही मेल्या त्या मुख्यतः बायकाच. लहान शेड, ज्वालाग्राही माल, रोजंदारीवरच्या बायका आणि बाहेर पडायला धड वाट नाही, हे चित्र फक्त पुण्याकडचे नाही. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. शीतगृहात अमोनिया असतो, कोळंबी सोलायला बायका असतात, त्यांतल्या कितीतरी परमुलखातून आलेल्या. औद्योगिक वसाहतींना एमआयडीसीची स्वतंत्र अग्निशमन यंत्रणा असते, पण प्रश्न तोच आहे. तपासणीला आलेला साहेब मालकाच्या केबिनमध्ये चहा घेतो, भिंतीवरची लाल नळकांडी मोजतो आणि जातो. रात्रपाळीला मागच्या दाराला कुलूप असते की नाही, हे त्या दाराआड बसणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही. विचारले तरी मुकादमासमोर ती पुरुष अधिकाऱ्याला काय सांगणार? बाई अधिकारी आली की ती आपोआप प्रामाणिक असेल, असा आमचा भाबडा समज नाही. पण ती बायकांच्या संडासापर्यंत जाऊ शकते, आणि कुलपाची गोष्ट तिथेच कळते.

आता घरातली आग. आपल्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणी मोर्च्यांत विचारत असत, स्टोव्ह नेहमी सुनेच्याच हातात का फुटतो? त्या लढ्यातून १९८३ साली ४९८-अ आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब आले. जुलै २०२४ पासून ही कलमे भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. कलमे आली तरी पुरावा कुठून आणायचा, हा पेच तसाच राहिला. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना हा अनुभव आहे की सगळी केस भाजलेल्या बाईच्या जबाबावर उभी राहते, आणि तो जबाब घेताना खाटेशेजारी सासरची माणसे उभी असतात. आग कुठून सुरू झाली, रॉकेलचा वास कुठे होता, स्टोव्हची टाकी खरेच फुटली होती का, दाराची कडी आतून होती की बाहेरून, हे ज्याला वाचता येते तो माणूस अग्निशमन दलात असतो. बंब बोलावला असेल तर वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता पोचली, तिथे काय दिसले, याची नोंद दलाकडे राहते. बऱ्याचदा बंबाला बोलावणेच जात नाही. आणि गेले तरी त्या नोंदीत 'कारण : अपघात' हा एक शब्द पडला की पुढचे सगळे सोपे होते. ही नोंद लिहिणाऱ्याला घरातली हिंसा म्हणजे काय याचे प्रशिक्षण असावे, ही मागणी आपण पोलिसांच्या बाबतीत केली, डॉक्टरांच्या बाबतीत केली. अग्निशमन दलाकडे आपले लक्षच गेले नाही.

बायका या सेवेत आल्याच नाहीत असे नाही. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालचे. तिथे पहिली मुलगी शिरली ती २००२ साली, नागपूरचीच हर्षिनी कान्हेकर. एनसीसीतून आलेली ही मुलगी सगळ्या मुलांत एकटी शिकली आणि २००६ साली ओएनजीसीत रुजू झाली. तिचे कौतुक खूप झाले, व्हायलाच हवे होते. पण या राज्यातून प्रशिक्षण घेऊन निघालेली पहिली अग्निशमन अभियंता गेली ती तेल कंपनीत. तामिळनाडूने २००३ साली वेगळी वाट धरली. मीनाक्षी विजयकुमार आणि प्रिया रविचंद्रन या दोघी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन थेट विभागीय अधिकारी झाल्या. २०१२ च्या जानेवारीत चेन्नईच्या एळिलगम इमारतीला आग लागली तेव्हा प्रिया आत होत्या, गंभीर भाजल्या. त्यांचा एक सहकारी त्यात गेला. म्हणजे बाई अधिकारी फक्त टेबलाशी बसेल, ही शंकाही मिटायला हरकत नाही.

आपल्याकडे १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा दिल्या. मुंबई अग्निशमन दलात २०१२ पासून बायका आहेत. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये दहिसरच्या मैदानावर काय झाले ते आठवा. भरतीला राज्यभरातून हजारो मुली आल्या. १६२ सेंटिमीटर उंचीची अट होती. आपली उंची पुरेशी असूनही मोजमापात बाद केले, असे म्हणत मुलींनी आवाज उठवला आणि त्यांच्यावर पोलिसांची लाठी चालली. रात्रभर एसटीचा प्रवास करून आलेल्या मुली होत्या त्या.

शारीरिक चाचणीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे, ते सगळ्याजणींना पटेलच असे नाही. आगीत अडकलेल्या माणसाचे वजन त्याला सोडवायला कोण आले आहे हे बघून कमी होत नाही. तेव्हा माणूस उचलण्याची, दोरावर चढण्याची, होज ओढत नेण्याची परीक्षा बाई-पुरुषांना सारखीच असावी. ती देता यावी म्हणून मुलींना आधी सहा महिने सराव मिळावा. गावातली तालीम पोरांना असते, पोरींना नसते. पण उंची ही काही परीक्षा नव्हे. ती टेपने मोजता येते म्हणून सोयीची आहे, इतकेच. आणि हे सगळे फायरमनच्या भरतीचे झाले. प्रमुख होण्याची वाट त्यापुढची आहे. नगरपरिषदांच्या राज्यसंवर्गात अग्निशमन सेवा आहे, तिची स्पर्धा परीक्षा होते. आपल्या मुली तलाठी आणि ग्रामसेवक होण्यासाठी अभ्यासिकांतून रात्री जागवतात, या परीक्षेची जाहिरात मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पुरुष तिचा हुकूम ऐकतील का? नगराध्यक्षेच्या शेजारी नवऱ्याची खुर्ची लागते, हे आपण पाहिले आहे. बंबावर ती सोय नाही. गणवेशातल्या दलात हुद्दा मोठा असतो आणि धुरात वाद घालायला कोणाला वेळ नसतो. अमेरिकेत ओरेगन राज्यात बट फॉल्स नावाचे अगदी लहान गाव आहे. तिथे १९७३ साली रूथ कॅपेलो नावाची पन्नाशीतली बाई अग्निशमन दलाची प्रमुख झाली. त्या देशातली पहिली म्हणून तिची नोंद आहे. गाव लहान असले की माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, आणि कुणाला काम येते हेही त्यांना ठाऊक असते.

प्रमुखपदाचा भार मात्र हलका नसतो. लंडनच्या दलाची पहिली स्त्री प्रमुख डॅनी कॉटन २०१७ च्या आरंभी त्या पदावर आली आणि सहाच महिन्यांत ग्रेनफेल टॉवर पेटला. ७२ माणसे गेली. रहिवाशांना घरातच थांबा ही सूचना वेळेत मागे घेतली नाही, म्हणून चौकशीत दलावर ठपका आला आणि २०१९ च्या अखेरीला तिने पद सोडले. तिच्यावर टीका व्हायलाच हवी होती. पुरुष प्रमुख चुकतो तेव्हा तो एकटा चुकतो, बाई चुकली की सगळ्या बायकांचा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबाला आपण उत्तर दिले पाहिजे. पण चुकीवर पांघरूण घालणे हे ते उत्तर नव्हे.

७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांच्या कामांत घातली. त्याच दुरुस्तीने नगरपालिकांत बायकांना जागा राखून ठेवल्या. आपल्या राज्यात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. म्हणजे बंबाचे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभागृहात अर्ध्या बायका बसतात. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर येथल्या गटांनी आपापल्या नगरसेविकांना सोबत घेऊन अग्निशमन केंद्रात जावे. केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत बायका किती, त्यांच्यासाठी संडास आणि कपडे बदलायची खोली आहे का, गेल्या पाच वर्षांत बाई भाजल्याच्या किती वर्द्या आल्या आणि त्यांच्या नोंदीत कारण काय लिहिले, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आलेली उत्तरे, आणि न आलेलीसुद्धा, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची चार पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.