पाच मिनिटांची दंतकथा

४ जून १९४२ रोजी मिडवेजवळ जपानी विमाने झेपावण्यास अवघी पाच मिनिटे उरली होती, तोच अमेरिकी बॉम्ब कोसळले, अशी कथा मित्सुओ फुचिदांनी रूढ केली. पार्शल आणि टली या अभ्यासकांनी ती २००५ साली साधार खोडली. प्रतिहल्ल्याची बहुतेक विमाने तेव्हा डेकवर नव्हतीच.

मला मात्र त्याआधीचा महिना अधिक बोलका वाटतो. कोरल समुद्राच्या लढाईतून ‘झुइकाकु’ ही विमानवाहू नौका अभंग परतली होती. फक्त तिचे वैमानिक कमी झाले होते. दुसऱ्या नौकेचे वैमानिक तिला देणे जपानी नौदलाच्या रीतीत बसत नव्हते. ती बंदरातच राहिली. अमेरिकेने मात्र जायबंदी ‘यॉर्कटाउन’ची तीन दिवसांत डागडुजी केली, ‘साराटोगा’ची विमानदले तिच्यावर चढवली आणि तिला मिडवेला धाडले. ‘सोर्यू’वर बॉम्ब टाकले ते तिच्याच विमानांनी.

जपानने त्या लढाईत चार विमानवाहू नौका गमावल्या. जनतेला सांगितले, एक बुडाली, एक जायबंदी झाली. पराभव दैवावर ढकलला की स्वतःची रीत तपासावी लागत नाही. पाच मिनिटांची कथा इतकी टिकली, ती बहुधा याचसाठी.