नर्सिंग : तीन वर्षं की चार?

बारावीचा निकाल लागला की मसोलीसारख्या गावातही प्रश्न येतोच : जीएनएम करायचं की बीएस्सी नर्सिंग? खरं तर निम्मा निर्णय अकरावीलाच होऊन गेलेला असतो. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. २०२३पासून राज्याची स्वतंत्र सीईटीही आहे. जीएनएमला आर्ट्सची मुलगीही चालते.

जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार. वर्षभर आधी पगार सुरू होतो, हे घरच्यांना पटकन पटतं. पण पुढे पदवी हवीच झाली, तर पोस्ट बेसिक बीएस्सीची आणखी दोन वर्षं. म्हणजे एकूण पाच! एम्सच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाले नोंदणी झाली की बसू शकतात. जीएनएमवाल्यांना आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम करावं लागतं. नाइट ड्युटी मात्र दोघांनाही सारखीच.

मग सरळ बीएस्सीच? आपल्याकडे गणित जरा वेगळं आहे. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा भरतीत स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठीच्या पदांत एएनएमही आहे आणि तो कोर्स दोनच वर्षांचा. पण या भरतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२४मध्ये कायम नोकरीऐवजी मानधनावरच्या नेमणुकांचा मार्ग काढावा लागला. तेव्हा फक्त त्या जागेच्या भरवशावर कोर्स निवडू नका.

सायन्स असेल आणि चौथ्या वर्षाचा खर्च झेपत असेल, तर बीएस्सीच घ्या. नसेल तर जीएनएम. पण फी भरण्याआधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का आणि प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात होणार, हे विचाराच.