डिस्चार्जनंतर दमेकऱ्याचे कोण?

आपल्या वस्तीत धाप लागणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ‘दमा’ म्हणून मोकळे होतात. त्यातल्या अनेकांना खरे तर सीओपीडी असतो. फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. त्या पूर्ववत होत नाहीत, पण औषध नीट चालले तर माणूस हिंडता-फिरता राहतो. कळंबोलीत त्याला कारणे भरपूर आहेत: पोलाद बाजारातली हमाली, ट्रकांचा धूर, शेजारची तळोजा एमआयडीसी. घरात विडी आहे, तव्यावर भाजायची मिश्री आहे. जन्मात विडी न ओढलेल्या बायांनाही हा आजार होतो, कारण त्यांनी अर्धे आयुष्य चुलीपुढे काढलेले असते.

दवाखान्यात नेब्युलायझर, ऑक्सिजन मिळतो, माणूस उठून बसतो. मग हातात कागद, पंप आणि ‘महिन्याने या’. खरी शुश्रूषा इथून सुरू व्हायला हवी, आणि नेमकी इथेच ती संपते. पुढचे सगळे सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात, आणि तिला कोणी काही शिकवलेले नसते.

पंपाचेच बघा. ‘सवय लागते’ म्हणून लोक तो लपवतात, बरे वाटले की बंद करतात. पंपाची सवय लागत नाही. थेट फुप्फुसात जात असल्याने औषधही गोळीपेक्षा कमी लागते. पण घ्यायची रीत चुकली तर औषध घशातच बसते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरून दाबताना सावकाश श्वास आत घ्या, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. स्पेसर लावला तर म्हाताऱ्यांना सोपे जाते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. (कॅप्सूलच्या पंपाची रीत वेगळी, ती नर्सकडून करून दाखवायला सांगा.) धाप लागली की पुढे वाकून बसा, नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालतो तसे ओठ करून हळूहळू सोडा. आनापानसती करणाऱ्यांनी जरूर करावी, पण पंप सोडून नव्हे.

एक गोष्ट काहींना आवडणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत रुग्ण असेल तर वंदनेला फुले आणि दिवा पुरेत, अगरबत्ती नको. मच्छर कॉइल तर नकोच. एका कॉइलमधून सुमारे शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात.

बेडक्याचा रंग बदलला, तो वाढला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ निळे पडले किंवा माणूस गुंगीत बरळू लागला तर लगेच 108. घरी ऑक्सिजन असेल तर तो मनाने वाढवू नका, या आजारात जादा ऑक्सिजनही घातक ठरतो.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली आणि बाकीच्या भिक्खूंना जाब विचारला. आज तो जाब पनवेल महानगरपालिकेला विचारायला हवा. महापालिका 2016 साली झाली, नागरी आरोग्य केंद्रे आहेत, केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात सीओपीडी धरलेला आहे. मग बीपी-शुगर तपासायला येणाऱ्या ताईंनी डिस्चार्जनंतर आठवड्याच्या आत दमेकऱ्याच्या घरी येऊन पंप घेताना बघायला काय हरकत आहे? महिला मंडळांनी आपापल्या गल्लीतल्या अशा रुग्णांची यादी करावी आणि ती घेऊनच आरोग्य केंद्रात जावे.