बोटभर मासा आणि नदीला घोर

आधीच सांगून ठेवतो, आजचा लेख भांडणाचा आहे. मासे पाळणारे जे ब्लॉगर मित्र इथे नेहमी डोकावतात त्यांना तो झोंबेल, आणि आमच्या सांगलीकर नातेवाइकांपैकी निदान दोघांना तर नक्कीच. झोंबू दे.

विषय आहे रेडटेल कॅटफिश. काळसर पाठ, अंगावर पांढरा पट्टा, लाल शेपूट आणि ओठांना लांब मिशा. दुकानात तो बोटभर असतो आणि इतका गोजिरवाणा दिसतो की पोरं काचेला नाक लावून हलायला तयार होत नाहीत. बाबा मग घेऊन टाकतात. हे बाळ दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातलं. तिकडे ते चार फुटांपर्यंत वाढतं आणि चाळीस किलोच्या वर भरतं. घरच्या टाकीतही दोन-तीन फूट व्हायला त्याला फार वर्षं लागत नाहीत, आणि नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं जगतं. त्याचाच भाऊबंद टायगर शॉव्हेलनोज, चपट्या लांब तोंडाचा आणि वाघासारख्या पट्ट्यांचा. तोही तीन फुटांचा गडी. तोंडात मावेल ते गिळायचं, हा दोघांचाही खाक्या. शेजारचा मासा गिळतात, टाकीतले गोटे गिळतात, कधी कधी हीटरसुद्धा!

आता हिशेब मांडू. आपल्याकडच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी असते ती टाकी साधारण तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटर पाणी. दोन फुटी मासा एक फूट रुंदीच्या टाकीत वळणार कसा? त्याला जन्मभर ठेवायचं तर पाच-सहा हजार लिटरचा हौद लागतो. पाच-सहा टन वजन कुठल्या स्लॅबवर ठेवणार? आणि दर आठवड्याला त्यातलं निदान पाव पाणी बदलायचं, म्हणजे हजार-दीड हजार लिटर. माण-खटाव नि जत-आटपाडीकडच्या पाहुण्यांना हा आकडा जरा सांगून बघा. उन्हाळ्यात टँकरमागे धावलेली माणसं आहेत ती, काय ऐकवतील ते मुकाट्यानं ऐकून घ्या.

"टाकी लहान असली की मासा लहान राहतो" असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. हे साफ खोटं आहे. तो खुजा राहतो, पाठीचा कणा वाकतो आणि लवकर मरतो. कोंडून ठेवलेल्या पोराची उंची खुंटली, तर त्याला घर बरोबर मापाचं मिळालं असं आपण म्हणू का?

पण मासा न मरता वाढलाच तर पुढे काय होतं, खरं भांडण तिथे आहे. दुकानदार परत घेत नाही. मित्रांच्या टाक्या लहान. मारायचं पाप नको. मग एका संध्याकाळी बादली घेऊन माणूस घाटावर जातो आणि मासा कृष्णेत "सोडून देतो". वर पुण्य केल्याचं समाधान! वाईला सोडा, नाहीतर माहुलीला वेण्णा-कृष्णेच्या संगमावर किंवा कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर सोडा, पाणी शेवटी सांगलीलाच येतं. साताऱ्याची हौस, सांगलीच्या नदीला घोर.

सांगलीकरांना तर घाटापर्यंत जायचीही गरज नाही, नदी स्वतः घरी येते. २००५ ला आली, २०१९ ला आली, २०२१ ला पुन्हा आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गावभाग, शामरावनगर, दत्तनगर पाण्यात होतं. लोकांनी म्हातारी माणसं, पोरं नि कागदपत्रं होडीत घातली. माशाची टाकी कोण उचलणार? पाणी टाकीच्या वर चढलं की आतलं आणि बाहेरचं एकच. केरळात २०१८ च्या महापुरानंतर चालकुडी नदीत कोळ्यांच्या जाळ्यात ॲमेझॉनचा अरापाइमा सापडला, तो असाच पाळलेल्या जागेतून निसटलेला. पूररेषेत राहणाऱ्या माणसाने असा मासा पाळणं म्हणजे तो नदीत उधारीवर सोडण्यासारखं आहे.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की एकटा रेडटेल इथे पिलावळ थोडीच वाढवणार? खरं आहे, एकटा वाढवणार नाही. पण एकटाही वर्षानुवर्षं खात राहणार. आणि "काही होत नाही" हे आपण सकरबद्दलही म्हणत होतो. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून "क्लीनर" या नावाने विकला जाणारा, अंगावर चिलखत असलेला हा कॅटफिशही दक्षिण अमेरिकेचाच. शिकारी नाही, अगदी गरीब. आज तो कोलकात्याच्या पाणथळींत आहे, २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत मिळाला, आणि आंध्रात आपल्याच कृष्णेच्या खालच्या अंगालाही सापडला आहे. काठात बिळं करतो, जाळी फाडतो, बाजारात कोणी विकत घेत नाही. गरिबाने एवढं केलं, तर शिकाऱ्याची परीक्षा कशाला घ्यायची?

आणि नदीत आधीच कोण राहतं हे तरी माहीत आहे का आपल्याला? कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा इथल्या माणसांच्या तोंडची नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलस, नुक्ता. यातला नुक्ता म्हणजे आपला नकटा. तो कृष्णेच्या खोऱ्याबाहेर जगात कुठेच नैसर्गिकरीत्या आढळत नाही, आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. धरणं, मळी, वाळूउपसा, चिलापी, मांगूर यांनी त्याचं जगणं आधीच अवघड केलं आहे. आफ्रिकन मांगूरवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी तो चोरून पाळला गेलाच. आता हौसेखातर आणखी एक तोंड कशाला?

"तुम्ही मासे खाता, मग हा कळवळा कसला?" असंही कोणी विचारेल. खातो, सुरमई तर आवडीने खातो. पण तिला पंधरा वर्षं न्हाणीघरातल्या टबात ठेवून मग खात नाही.

तर सांगणं थोडकं आहे. आणू नका. दुकानदारांनी किमतीच्या पाटीवर पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी लिहावी, निम्मी गिऱ्हाइकं तिथेच शहाणी होतील. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा परक्या जातींचा व्यापार रोखायचे अधिकार केंद्राला मिळाले आहेत. पण पोराला "नाही" म्हणायला दिल्लीचा कागद कशाला हवा?

आणि ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांच्यासाठी कडू गोळी. खरोखर मोठा, पुराबाहेरचा हौद असणारा कोणी शोधा. शेततळं नको, तेही पावसात भरून वाहतं. कोणीच मिळालं नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लवंगतेलाने त्याला कायमचं झोपवा. वाईट वाटेल, वाटायलाच हवं. पण ते वाईट वाटणं आपल्या घरात राहील. बादली घेऊन घाटावर गेलात, तर ते नकट्याच्या वाट्याला येईल, आणि रोजच्या जाळ्यावर पोट असलेल्या भोयाच्याही.

भांडायचं असेल तर खाली जागा आहे. नातेवाइकांनी फोन केला तरी चालेल.