अंगावरचा शर्ट न काढणारा मुलगा

मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. मे महिन्यातही अंगात घट्ट बनियन, त्यावर टी-शर्ट, त्यावर पुन्हा शर्ट. सुट्टीत गल्लीतली पोरं पंचगंगेवर पोहायला निघाली की नेमकं याचं डोकं दुखतं. तालमीत चार दिवस गेला, पाचव्या दिवशी बंद. चालताना खांदे पुढे आणि पाठीला पोक. दवाखान्यात या मुलाची तक्रार घेऊन अम्मी येते, मुलगा येत नाही. अम्मीसुद्धा आधी स्वतःची बीपीची गोळी लिहून घेते, मग दाराकडे बघत आवाज खाली आणून म्हणते, "डॉक्टर, थोरल्याच्या छातीचं जरा विचारायचं होतं."

या 'जरा'वर या महिन्यात लिहायचं ठरवलं आहे. पुरुषाच्या छातीतली स्तनग्रंथी वाढते, त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. ही ग्रंथी प्रत्येक पुरुषात थोडी असतेच. शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक असतं, तसं इस्ट्रोजेन हे स्त्रीचं मानलं जाणारं संप्रेरकही असतं; फक्त प्रमाण वेगळं. तोल इस्ट्रोजेनकडे झुकला की ग्रंथी वाढते. मुलाच्या चालचलणुकीशी याचा संबंध नाही आणि तो पुरुष म्हणून कुठे कमी आहे असंही नाही. ही दोन वाक्यं घरातल्या अब्बांनी आणि मोठ्या भावाने वाचावीत, कारण टोपणनावं बहुधा घरातच पडतात आणि मग गल्लीत पोचतात.

वयात येताना, साधारण तेरा-चौदाव्या वर्षी, खूप मुलांना निपलखाली सुपारीएवढी, दाबली तर दुखणारी गाठ लागते. बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन थेट प्लास्टिक सर्जनकडे धावू नये. एकदा डॉक्टरांना दाखवावं आणि थांबावं. मुलगा जाड असेल तर ती नुसती चरबीही असू शकते. उताणं झोपवून अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी निपलकडे सरकवत नेलं की फरक कळतो. मधे रबरासारखी चकती लागली तर ग्रंथी, सगळीकडे मऊच लागलं तर चरबी. चरबी वजनाबरोबर कमी होते, ग्रंथी वजन उतरलं तरी राहते. पुष्कळांत दोन्ही मिळून असतं.

मोठ्या माणसाची छाती नव्याने वाढू लागली तर मात्र कारण शोधलंच पाहिजे. कधी ते घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतं. रक्तदाबासाठी किंवा पोटातल्या पाण्यासाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन, केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टेराइड, बुरशीवरच्या किटोकोनॅझॉलच्या गोळ्या, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, या सगळ्यांनी असं होऊ शकतं. गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. कधी यकृत, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा आजार निघतो. क्वचित वृषणात गाठ असते आणि छाती ही तिची पहिली खूण ठरते. त्यामुळे डॉक्टर वृषण तपासतात. त्या वेळी अम्मीने बाहेर बसावं आणि मुलाने नाही म्हणू नये. सतर झाकणं फर्ज आहे, पण इलाजाच्या गरजेपुरतं डॉक्टरला दाखवायला शरीअतने मुभा दिली आहे.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक कारण वाढत चाललं आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं त्या शहराला अंग कमावण्याचं वेड असणारच, त्यात वाईट काही नाही. तालमीतला पोरगा जोर-बैठका मारून, दूध-बदाम खाऊन वर्षा-दोन वर्षांत तयार व्हायचा. जिमच्या आरशापुढे उभ्या असलेल्या पोराला तीन महिन्यांत तसं दिसायचं असतं, आणि कुणीतरी 'सर' त्याला इंजेक्शन किंवा गोळी आणून देतो. ते अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड असतं. त्यातल्या बऱ्याच द्रव्यांचं शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं. दंड फुगतात आणि छातीही. ग्रंथी वर्षभर तशीच राहिली की तंतुमय होते. मग औषध सोडलं तरी ती जात नाही. डब्यावर नाव नसलेली पावडर मुलगा घेत असेल तर तो डबा डॉक्टरांपुढे आणून ठेवा. रागावणं नंतर करा.

काही खुणांवर एक आठवडाही थांबू नये. गाठ एकाच बाजूला आहे, दगडासारखी कडक आहे, निपलच्या मधोमध नसून कडेला आहे, कातडी किंवा निपल आत ओढलं जातंय, निपलमधून रक्त येतंय, काखेत गाठ लागतेय. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. कमी होतो, पण होतो, आणि लाजेपायी पुरुष उशिरा येतात. नाना, दादांच्या वयाच्या माणसांनी हा परिच्छेद आपल्यासाठी समजावा.

तपासणीत रक्तातली संप्रेरकं, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी असते. सुरुवात सीपीआरमध्ये केसपेपर काढूनही करता येते. कारण सापडलं तर आधी त्याचा इलाज. कारण काही निघालं नाही, वय सतरा-अठराच्या पुढे आहे, वर्षभर आकार बदललेला नाही आणि मुलाचं जगणं आखडून गेलं आहे, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. तोवर वजन उतरवता आलं तर उतरवावं, म्हणजे काढायचं कमी राहतं.

इथे अम्मीचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अल्लाहने दिलेलं शरीर बदलणं गुनाह नाही का?" प्रश्न योग्य आहे आणि जुनाही आहे. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधल्या कुर्तुबाजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाचे शल्यचिकित्सक होऊन गेले. 'अल-तसरीफ' या त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रिया आहेत, हत्यारांच्या आकृत्यांसह. त्यात एक प्रकरण याच विषयावर आहे. काही पुरुषांची छाती वयात येताना स्त्रीसारखी वाढते. ज्याला ते नकोसं वाटेल त्याच्या छातीवर चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा, आतली चरबी काढावी आणि जखम शिवावी, असा त्याचा आशय आहे. त्यांच्या आधी सातव्या शतकात ग्रीक वैद्य पॉल एजिनेटा यांनी अशीच पद्धत लिहून ठेवली होती. आजचा सर्जन निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या खालच्या कडेला अर्धचंद्राकृती छेद घेतो, तो याच कुळातला. अल-जहरावींनी ही गोष्ट इलाजांच्या रांगेत बसवली आहे, आणि ज्याला नकोसं वाटेल त्याच्यासाठी असं म्हणून निवड त्या माणसावर सोडली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

हदीसमध्ये हजरत अरफजा (रजि.) यांचा किस्सा येतो. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. चांदीचं नाक लावलं तर त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक लावायला सांगितलं. सोनं पुरुषांना मना असूनही. व्यंग दूर करणं आणि चांगल्या शरीरात हौसेने बदल करणं यांत उलेमा फरक करतात तो अशा आधारांवर. जुलै २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्रजया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही सौंदर्यशस्त्रक्रियेवर ठराव करताना शारीरिक किंवा मानसिक त्रास देणारा दोष दूर करण्याला परवानगी दिली आहे. तुमच्या मुलाची बाब कोणत्या बाजूला बसते ते तुमच्या मुफ्तीसाहेबांना विचारा. पण त्यांना विचारताना सगळं सांगा, 'छातीचं जरा' एवढंच नको.

आता तयारी. सर्जन निवडताना पाटीवर एमसीएच किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरी असं लिहिलेलं बघा. 'एका दिवसात, डाग नाही, दुखणं नाही' अशा जाहिरातींवर माझा विश्वास नाही. डाग राहतो, फक्त तो काळ्या कडेत लपतो. पैशांचा अंदाज लेखी घ्या. भूल, औषधं, तपासणीला पाठवलेली गाठ आणि नंतर घालायचं घट्ट जाकीट त्यात धरलं आहे का ते विचारा. आरोग्य विमा ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीची म्हणून नाकारू शकतो, तेव्हा कंपनीला आधी लेखी विचारा. त्या भरवशावर सोनं गहाण ठेवू नका.

तंबाखू, मावा, सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद, कारण तंबाखूने जखम भरत नाही आणि निपलचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. अ‍ॅस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, कलौंजीचं तेल, हकीमजींचं चूर्ण, जे काही पोटात जातं ते सर्जनना सांगायचं. घरगुती आहे म्हणून लपवायचं नाही, यातल्या काहींनी रक्त जास्त वाहतं. नुकताच हिजामा केला असेल तर तेही सांगा. तारीख रमजानमध्ये घेऊ नये. आधीचे आणि नंतरचे काही दिवस औषधं वेळेवर घ्यायची असतात. बकरी ईदच्या तोंडावरही नको. गोश्ताची घमेली उचलायला घरात हाच तरणा मुलगा असतो, आणि महिनाभर त्याला वजन उचलायचं नाही. माझं मत विचाराल तर दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. छातीवर घट्ट जाकीट घालून एप्रिल काढणं म्हणजे सजाच.

शस्त्रक्रियेआधी सहा ते आठ तास खाणं बंद. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. नाश्ता केला असेल आणि 'नाही केला' म्हणून सांगितलं तर भुलीत उलटी फुफ्फुसात जाऊ शकते, तेव्हा मायेने चहा-खारी भरवणाऱ्या खालांना आवरा. सकाळी मुलाला उभं करून छातीवर पेनाने खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर आकार बदलतो. बहुधा पूर्ण भूल देतात. रक्त कमी वाहावं म्हणून औषध मिसळलेलं सलाईन आत सोडतात, बारीक नळीने चरबी ओढून घेतात, मग छोट्या छेदातून ग्रंथी काढतात. ग्रंथी चिवट असते, नुसत्या नळीने पुरती येत नाही. निपलखाली तिचा पातळ थर मुद्दाम ठेवतात. सगळंच काढलं तर तिथे बशीसारखा खळगा पडतो. 'डॉक्टरांनी थोडं ठेवलंय' म्हणून नंतर कुरकूर करू नये. दीड-दोन तासांचं काम; बरेचजण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे आणि तो रिपोर्ट हातात मिळेपर्यंत मागत राहायचं.

घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक टम्म फुगली, काळी-निळी पडली, खूप दुखू लागली तर आत रक्त साचलं असं समजून रात्री दोन वाजता असलं तरी सर्जनना फोन करायचा. त्रासांमध्ये हाच जास्त आढळतो. पाणी साचणं, जंतुसंसर्ग, निपलची बधिरता, दोन बाजूंत थोडा फरक हेही होऊ शकतं; बधिरता बहुधा काही महिन्यांत कमी होते. घट्ट जाकीट चार ते सहा आठवडे. पाठीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपायचं. बसून करायचं काम आठवड्याभरात, जिम महिना-दीड महिन्याने आणि सर्जन म्हणतील तेव्हा. आपल्या रस्त्यांवरून मोटरसायकल तर अजिबात घाईने नको. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या आठवड्यात आरशात बघून रडू नये.

नमाजीचं बरेचजण विचारतात. वुजूमध्ये छाती धुवायची नसतेच, त्यामुळे पट्टी वुजूच्या आड येत नाही. गुस्लच्या वेळी पट्टी भिजवायची नाही. पट्टीवर मसह किंवा तयम्मुम यांचा मसला इमामसाहेबांना विचारा. नळीतून रक्तमिश्रित पाणी येत असेल तर तेही सांगा, माजूरचे नियम वेगळे आहेत. सजद्यात छातीवर ताण येतो म्हणून डॉक्टरांनी मनाई केली तर बसून, इशाऱ्याने नमाज होते. तकबीरसाठी हात कानांपर्यंत नेता येत नसतील तर जातील तेवढेच न्या. कोकणातले आपले शाफई भाऊ तर खांद्यांपर्यंतच नेतात. भुलीत सुटलेली नमाज नंतर कजा करायची.

शेजाऱ्यांना काय सांगायचं, हा अम्मीचा शेवटचा प्रश्न. "छातीतली गाठ काढली" एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातली पोरं सैन्यात, निमलष्करी दलांत जायला वर्षानुवर्षं धावतात. तिथल्या वैद्यकीय तपासणीत शर्ट काढावाच लागतो आणि गायनेकोमास्टिया हे उमेदवाराला अपात्र ठरवण्याचं एक कारण असतं. धावणं, उंची, लेखी परीक्षा सगळं जमून इथे अडकलेला मुलगा घरी येऊन खरं कारणही सांगत नाही. तेव्हा भरतीचा अर्ज भरण्याच्या आधीच, शक्य तर वर्षभर आधी, छाती दाखवून घ्या. शस्त्रक्रिया झाली असेल तर किती काळाने पात्र धरतात ते त्या भरतीच्या नियमांत वाचा. डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शाळेच्या दाखल्याच्याच फाइलीत ठेवा.