ब्राउझर इंग्रजीत विचारतो आणि काकू 'हो' म्हणतात

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका सार्वजनिक वाचनालयात घडलेली गोष्ट. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची एकट्यांची नाही. तिथले कॉम्प्युटर मीच लावून दिलेत. चार जुने डबे, नवीन विंडोज चालेना म्हणून उबुंटू टाकलेलं, त्यावर फायरफॉक्स.

एक काकू आल्या. योजनेचा अर्ज कुठवर आलाय ते बघायचं होतं. साइट मराठीत, अर्ज मराठीत. काकूंनी कुणाची मदत न घेता स्वतः लॉगिन केलं. पासवर्ड टाकल्यावर वर एक छोटी चौकट उघडली, त्यांनी त्यातलं ठळक दिसणारं बटण दाबलं, अर्ज बघितला आणि घरी गेल्या. दुपारी कॉलेजचा एक मुलगा त्याच कॉम्प्युटरवर बसला आणि तीच साइट उघडली. काकूंचं नाव आणि पासवर्ड तयार भरलेले! एक क्लिक केलं असतं तर मोबाइल नंबर, बँक खातं, सगळं समोर. पोरगं सरळ होतं, त्याने ग्रंथपालांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्ही पासवर्ड सेव्ह का केलात?"

"मी कुठे काय केलं? काहीतरी विचारत होतं इंग्रजीत. हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत ना रे हे लोक."

हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

आता लगेच कमेंटमध्ये जाणकार येतील की सार्वजनिक कॉम्प्युटरवर पासवर्ड साठवण्याची सोय बंदच ठेवायची असते, गेस्ट अकाउंट हवं, प्रायव्हेट विंडो हवी. मान्य. माझी चूक. आता ते सगळं केलंय. पण काकूंच्या घरी जो लॅपटॉप आहे, तिथे कोण करणार? आणि मुळात प्रश्न असा आहे की ज्या बाईला मराठी उत्तम वाचता येतं, तिला "पासवर्ड जतन करायचा का?" हा साधा प्रश्न परक्या भाषेत विचारून तिची संमती घेतली, ती संमती कसली?

आपल्याकडे ब्राउझरची भाषा म्हटलं की लोकांना वाटतं, मेनूमधले चार शब्द. फाइल, एडिट, व्ह्यू. ते मराठीत झाले काय आणि नाही झाले काय. पण मेनू आता फारसं कुणी उघडतही नाही. ब्राउझर आपल्याशी बोलतो ते नेमक्या धोक्याच्या जागी. ही साइट तुमचं ठिकाण मागतेय, देऊ का? कॅमेरा मागतेय, देऊ का? तुम्हाला सूचना पाठवू म्हणतेय, चालेल का? या साइटचं प्रमाणपत्र बरोबर नाही, पुढे जाताय का परत फिरताय? ही फाइल घातक असू शकते, तरी ठेवायची का? यातला एकेक प्रश्न म्हणजे सही आहे. आपण कोऱ्या कागदावर सही करू नये म्हणून आयुष्यभर आईबापांना बजावतो आणि इथे रोज दहा सह्या करू देतो. ज्यांच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात दिवसभर "तुम्ही बक्षीस जिंकलात", "व्हायरस सापडला" अशा चौकट्या येत राहतात ना, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधीतरी न वाचता 'अलाऊ' दाबलेलं असतं. व्हायरस वगैरे काही नसतो. त्यांनीच परवानगी दिलेली असते, फक्त कशाला दिली ते त्यांना कळलेलं नसतं.

आणि यावरचा उपाय फुकट आहे, तीन मिनिटांचा आहे. चीड येते ती याची.

फायरफॉक्स मराठीत आहे. आज नाही, कित्येक वर्षांपासून आहे. लिनक्सवर तर आणखी सोपं. वर उजवीकडे तीन आडव्या रेषा, त्यात सेटिंग्ज, जनरल, थोडं खाली भाषेचा भाग. यादीत मराठी दिसली तर निवडा. नसेल तर यादीच्या शेवटी आणखी भाषा शोधायचा पर्याय आहे, तिथून ती उतरवून घेता येते. ब्राउझर पुन्हा सुरू करा म्हणेल, करा. झालं. डेबियन वापरणाऱ्यांनी फायरफॉक्सचं मराठीचं वेगळं पॅकेज टाकावं, नावाच्या शेवटी 'एमआर' असतं ते. उबुंटूची अख्खी सिस्टिमच मराठी केली तर फायरफॉक्स सहसा आपणहून तीच भाषा उचलतो.

क्रोमवाल्यांचं जरा वाकडं आहे. विंडोजवर क्रोमच्या सेटिंगमध्ये भाषेपुढे 'या भाषेत दाखवा' असा पर्याय मिळतो. लिनक्सवर तो पर्यायच नाही, तिथे क्रोम सिस्टिमची भाषा बघतो. म्हणजे एक तर सिस्टिम मराठी करा, नाहीतर क्रोम सुरू करणाऱ्या शॉर्टकटमध्ये आदेशाआधी भाषेचा शब्द जोडा. कुणाला हवं असेल तर करून देतो, पण जी गोष्ट एका टिचकीची असायला हवी तिच्यासाठी आदेश लिहायला लावणं हा निव्वळ आळस आहे, आणि तो क्रोम बनवणाऱ्यांचा आहे.

फायरफॉक्समध्ये भाषेच्या भागातच आणखी एक सेटिंग आहे, वेबपानं कोणत्या भाषेत हवीत त्याची. तिथेही मराठी सगळ्यात वर न्या. ही दुसरी सेटिंग फार कमी लोकांना माहीत असते. ब्राउझर कुठल्याही साइटकडे पान मागतो तेव्हा सोबत एक चिठ्ठी देतो: या माणसाला या या भाषा चालतात, या क्रमाने. विकिपीडियाचं मुख्य पान हीच आवड बघून तुमची भाषा वर आणतं. आता विचार करा, आपल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं? इंग्रजी. बँकेने उद्या मोजायला घेतलं की मराठी मागणारे ग्राहक किती, तर तिला आकडा दिसणार नगण्य. मग ती म्हणणार, मागणीच नाही. आणि आपण म्हणणार, बघा, मराठीला डावलतात!

२०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी लिहिणारे ८ कोटी ३० लाख. आइसलँडची लोकसंख्या ४ लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्यांच्याही भाषेत फायरफॉक्स आहे आणि आपल्याही. दारापर्यंत आलेली वस्तू घरात घ्यायची की नाही एवढंच आपल्या हातात होतं, आणि आपण ती घेतली नाही.

सरकारबद्दल काय बोलायचं. राजभाषा अधिनियम १९६४ चा. अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, पेढे वाटले, चांगलं झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला की सरकारी खरेदीतल्या किबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली हवीत. चांगलंच आहे. पण किबोर्ड मराठी आणि समोरचा पडदा इंग्रजी, हे कुणाला खटकलं नाही? खरेदीच्या अटींमध्ये एक ओळ टाका की सिस्टिम आणि ब्राउझर मराठीत लावूनच मशीन द्यायचं. एक पैसा जास्त लागत नाही. भारतीय भाषांसाठी सी-डॅकने बॉस नावाचं लिनक्स काढलं, ते सार्वजनिक पैशातूनच. केरळने शाळांमध्ये लिनक्स नेलं ते मल्याळमसकट नेलं. इथे मात्र पंधरवडा साजरा होतो, फलक लागतो, आणि फलकाचं डिझाइन करणारा कॉम्प्युटर इंग्रजीत असतो.

वाचनालयाच्या समितीपुढे मी हे मांडलं तर एक सदस्य म्हणाले, "सर, पोरांना इंग्रजीची सवय नको का व्हायला?" मी म्हटलं, दादा, पोरं 'सेटिंग्ज' आणि 'डाउनलोड' वाचून इंग्रजी शिकणार असतील तर शाळेत मास्तर कशाला ठेवलेत? इंग्रजी शिकवायचीच असेल तर कपाटभर पुस्तकं आहेत. ब्राउझरची चौकट ही शिकवणी नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मराठी भाषांतर जड असतं. हो, असतं. 'वाचनखूण' मला आवडतो, पण काही ठिकाणी असे शब्द भेटतात की इंग्रजी परवडली असं वाटतं. शिवाय ज्या वाक्यांचं भाषांतर झालेलं नाही ती मध्येच इंग्रजीत दिसतात. पण हे काम बरंचसं स्वयंसेवक करतात, मोझिलाच्या पाँटून नावाच्या साइटवर. तिथे कुणीही खातं उघडून चांगला शब्द सुचवू शकतो. वापरणारेच नसतील तर चुका सांगणार कोण? पाट्यांवरच्या एका ऱ्हस्व-दीर्घावरून तीनशे कमेंटी पाडणारे आपण, त्यातले दहा जण तिकडे वळले तरी वर्षभरात फरक दिसेल.

मी काही फार शहाणा नाही, कबूल करतो. माझाही ब्राउझर काकूंच्या प्रकरणापर्यंत इंग्रजीतच होता. पहिले दोन दिवस बोटं अडखळली. तिसऱ्या दिवशी विसरलो.

तर आता मागणी. आपल्या तालुक्यात जिथे जिथे लोकांच्या वापराचे कॉम्प्युटर आहेत, वाचनालय, ग्रामपंचायत, शाळेची लॅब, तिथे ब्राउझर मराठीत हवा. इंग्रजी ज्याला हवी तो त्याच यादीतून इंग्रजी निवडेल, त्याला ती वाचता येते. ज्याला येत नाही त्याने का अडायचं? समितीने आमच्या वाचनालयात दोन मशीन मराठी करायला होकार दिलाय, चारही का नाही ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी या.

येत्या रविवारी सकाळी १० ते १ मी वाचनालयात बसतोय. लॅपटॉप आणा, चार्जर आणा, लिनक्स असो वा नसो. आईवडिलांचा आणलात तर आधी तो घेईन. काकूंनी त्यांचा आणायचं कबूल केलंय.